पाचट जाळून रानाला काय मिळतं?

ऊसतोडीची टोळी फडातून निघाली की चार दिवसांत रान पेटतं. पाचट जाळणारा शेतकरी अडाणी नसतो. त्याच्यापाशी कारणं असतात. त्यातलं एक अर्धं खरंही आहे.

राख म्हणजे खत, हे नेहमीचं कारण. राखेत पालाश उरतं, थोडं स्फुरदही. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र जवळजवळ सगळे धुराबरोबर जातात. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, त्यात साधारण अर्धा टक्का नत्र. म्हणजे 10 टनांमागे 50 किलो. युरियाच्या हिशेबानं जवळपास अडीच पोती. हे नत्र पिकाला सावकाश मिळतं, पण जाळलं तर मिळतच नाही.

जाळलं की कीड मरते म्हणतात. हुमणी असते मातीत. वरच्या जाळाची धग तिथवर पोचत नाही. मरतात ते पाचटातले कोळी आणि मित्रकीटक. 2002 साली सांगली भागात लोकरी माव्यानं ऊस पांढरा केला, तेव्हा त्याला आवर घालण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. काणी रोग लागलेलं बेट उपटून जाळावंच; त्यापायी अख्खं रान कशाला पेटवायचं?

अर्धं खरं कारण असं: पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो. पडतो खरा. पाचटात कर्ब भरपूर, नत्र कमी. कुजवणाऱ्या जीवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतं, ते पाचटात पुरत नाही, मग ते मातीतलं उचलतात आणि फुटव्यांची उपासमार होते. ही उसनवारी असते, पाचट कुजलं की नत्र मातीत परत येतं. पण फुटव्यांना तेवढा धीर नसतो. म्हणून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जीवाणू खत टाकायची शिफारस आहे. सेंद्रियाचा कडक आग्रह धरणाऱ्यांना यातला युरिया खटकतो. माझ्या मते तो धुरापेक्षा कधीही परवडला. मे महिन्यात असं पाचट उचलून पाहा: खाली माती ओली, तिच्यात बुरशीचे पांढरे धागे आणि बोटाला चिकटणारी गांडुळांची विष्ठा.

पाचटामुळे पाणी पुढे सरकत नाही, ही तक्रार मात्र रास्त. त्यावर पाचट एकाआड एक सरीत दाबायचं आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं. बुडखे जमिनीलगत छाटून उघडे ठेवायचे. आणि बांधालगतच्या दोन सऱ्यांतलं पाचट आत ओढून घ्यायचं, कारण शेजारी अजून पेटवतोच आहे.