जुन्या घराचे चहागृह : भांडवल भिंतींमध्येच असते

बंगळुरू हे कॉफीचे शहर. भारतीय कॉफी मंडळाचे मुख्यालय येथेच आहे आणि गांधी बाजारातील विद्यार्थी भवनासारखी १९४३ पासूनची उपाहारगृहे आजही गजबजलेली असतात. अशा शहरात चहाचे छोटे दुकान काढणाऱ्याला केवळ चहाच्या चवीवर विसंबून चालत नाही. निवांत बसण्याजोगी जागा हेच त्याचे खरे भांडवल ठरते. मल्लेश्वरम, बसवनगुडी येथील जुन्या घरांचे मोल त्यामुळेच वाढते. घर पाडून सदनिका बांधाव्यात की ते राखून त्यातून उत्पन्न मिळवावे, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे असतो. दुसरा मार्ग निवडला, तरी चुकीच्या दुरुस्तीने ते मोल नाहीसे होऊ शकते.

घराची ओळख

१८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर ही दोन्ही उपनगरे झपाट्याने वसली. तेथील जुन्या घरांत मंगळुरी कौलांची उतरती छपरे, खिडक्यांवरील ‘मंकी टॉप’ नावाची टोकदार लाकडी छत्री, लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन आणि ‘मद्रास टेरेस’ पद्धतीची छते आढळतात. या छतात लाकडी वाशांवर विटा तिरप्या रांगेत उभ्या कडेवर बसवून त्यांवर चुना व विटांच्या तुकड्यांचा थर देतात. महाराष्ट्रातील वाड्यांच्या कडीपाटाशी परिचित असलेल्यांना ही रचना सहज उमगेल.

दुरुस्तीपूर्वी जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून तुळया आणि वाशांची टोके तपासून घ्यावीत. लाकूड भिंतीत शिरते तेथेच ओल आणि वाळवी प्रथम शिरकाव करतात. कौले मात्र एकमेकांत अडकवलेली असल्याने फुटलेली तेवढीच बदलता येतात. बंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही जोरदार पाऊस पडतो; म्हणून छपराचे काम जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत उरकणे श्रेयस्कर.

चुना की सिमेंट

सर्वांत महागडी चूक येथे घडते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या जमिनीतील ओलावा शोषतात आणि पृष्ठभागातून तो हवेत सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. ओल आतच साचते, क्षार फुटतात आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे निघू लागतात. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग द्यावा. त्यासाठी ते काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो आणि धीरही धरावा लागतो. कारण चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश कठीण होतो.

चहाच्या दुकानात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. चहाची पत्ती दमटपणा आणि वास चटकन ओढून घेते. ओलसर खोलीत ठेवलेला उत्तम निलगिरी चहाही लवकर निस्तेज होतो. लाल जमिनीवरील बारीक भेगा बुजवून, घासून, खोबरेल तेलाचा हात फिरवला तरी ती पुन्हा झळाळते. तिच्यावर नव्या फरश्या बसवणे म्हणजे दुकानाचे आकर्षण पैसे देऊन झाकणे होय.

पाणी, आग आणि परवाने

नवे स्वयंपाकघर शक्यतो मूळ मोरीजवळ किंवा परसात करावे, म्हणजे जुन्या भिंती फोडून नळ न्यावे लागत नाहीत. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास चहावर तवंग येतो आणि चव मंदावते. ते तपासून योग्य गाळणयंत्र बसवावे. लाकडी छताखाली शेगडी ठेवू नये. व्यवसायासाठी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी त्या रस्त्यावर व्यवसायास अनुमती आहे का, हे महानगरपालिकेकडे विचारावे. व्यापार परवाना, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आणि व्यावसायिक वीजजोडणी यांची तरतूद करावी. वापर बदलल्याने मालमत्ता करही वाढतो. घर भाड्याचे असल्यास दुरुस्तीला मालकाची लेखी संमती घ्यावी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असणे आवश्यक आहे.

खर्चाचा आराखडा

राहत्या घराच्या दुरुस्तीचे कर्ज दुकानासाठी वापरू नये. व्यवसायासाठी व्यवसायाचेच कर्ज मागावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’मध्ये ५ लाख आणि ‘तरुण’मध्ये १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. ‘तरुण’ गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये ही मर्यादा २० लाख करण्यात आली.

अंदाजपत्रकात रचना, छप्पर, गिलावा, पाणी-वीज आणि साहित्य असे स्वतंत्र भाग करावेत. जुने घर उघडल्यावर अनपेक्षित कामे निघतातच. त्यांसाठी रक्कम राखून ठेवावी. चुना वाळेपर्यंत दुकान उघडत नाही, भाडे व व्याज मात्र थांबत नाही. म्हणून हप्ते सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत कामाच्या खऱ्या वेळापत्रकानुसार मागावी. या मुदतीतही व्याजाची आकारणी होत असते, हे ध्यानी ठेवावे.

घाईने सिमेंट लावून महिनाभर आधी उघडलेले दुकान पुढे तीच भिंत पुन्हा दुरुस्त करण्यात नफा घालवते. जे टिकले आहे ते जपावे, जे मोडले आहे तेवढेच बदलावे आणि नवे ते असे करावे की पुढे काढताना जुन्याला धक्का लागू नये. या तीन गोष्टी सांभाळल्या, तर जुने घर स्वतःच्या दुरुस्तीचा खर्च स्वतः उचलू लागते आणि पुढील पिढीच्या हाती मोकळा भूखंड नव्हे, तर चालते घर येते.