टेस्टर पेटतो, तरी पंखा का फिरत नाही?

पंखा बंद पडला की घरातलं कुणीतरी बोर्डात टेस्टर घालतं आणि जाहीर करतं, ‘करंट येतोय, म्हणजे पंखाच गेला!’ गाडीच्या बाबतीतही हेच. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, म्हणून बॅटरी ठणठणीत आहे असं धरून चांगली सेल्फ मोटर खोलली जाते. दोन्हीकडे चूक एकच: व्होल्टेज दिसलं, की करंटही हवा तेवढा वाहणार असं आपण मानतो.

टेस्टरमधल्या निऑन दिव्याला एक मिलिअँपियरही लागत नाही. सैल झालेल्या, काळ्या पडलेल्या स्क्रूमधूनही तेवढा करंट सहज जातो. इस्त्रीला मात्र चार अँपियरच्या वर हवा, आणि तिथे तोच स्क्रू तापतो, वितळतो, कधी पेटही घेतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर बहुधा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेली असते. चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज फिरून तिथे पोचलेली असते. म्हणून जाणता वायरमन टेस्टरवर विसंबत नाही, फेज-न्यूट्रलमध्ये बल्ब लावून बघतो. आपण उघड्या वायरींच्या वाटेला जाऊ नये; दुसरीकडे नीट लागणारा टेबल लॅम्प त्याच सॉकेटला लावला, तरी दोष उपकरणात की बोर्डात हे कळतं. मिक्सर बंद पडला असेल तर त्याआधी तो उलटा करून तळाचं लाल बटण दाबावं. जास्त भार आला की ते आपोआप उडतं.

घरातले काही दिवे एकाएकी भगभगीत आणि काही मंद झाले, तर शोधाशोध न करता आधी मेन स्विच बंद करावा. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटली, की २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. टीव्ही-फ्रिज असे एका मिनिटात जातात.

आता गाडी. किल्ली फिरवली, नुसतं ‘टक’ झालं, सेल्फ लागला नाही. बॅटरीला मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग अडलं कुठे? सेल्फ मोटर १५० अँपियरच्या घरात करंट ओढते. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थराचा रोध ०.०२ ओहम धरा. तेवढ्यानेच तीन व्होल्ट वाटेत जातात. अर्ध्या अँपियरच्या दिव्याला त्याच थरातून जेमतेम एक शतांश व्होल्टची तोशीस पडते, म्हणून दिवा झकास लागतो. यावरची तपासणी मला फार आवडते, कारण काहीच खोलावं लागत नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून कुणालातरी सेल्फ मारायला सांगावं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगली. एक-दोन व्होल्ट दिसले, तर अर्थिंगची पट्टी नाहीतर टर्मिनल दोषी. धन बाजूची वायर अशीच तपासता येते.

गाडीतला फ्यूज उडाला असेल तर १५ अँपियरच्या निळ्याच्या जागी २० चा पिवळा कधीही बसवू नये. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

टर्मिनल साफ करायला खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि जुना ब्रश पुरतो. काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी. ऋण जोडलेली असताना धन बाजूचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते.