उसाचा मालट्रक ओढतो कसा, थांबतो कसा?

बालमित्रांनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या कोपरगाव तालुक्यात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागते. कोळपेवाडीचा कारखाना असो की सहजानंदनगरचा, हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस वाहतूक चालते. बैलगाडी, ट्रॅक्टर आणि मालट्रक, तिघेही ऊस ओढतात. त्यांपैकी मालट्रकची माहिती आज आपण करून घेऊ.

उसाला एवढी घाई का?

ऊस तोडला की वाळू लागतो. त्याचे वजन घटते. शिवाय रसातली साखर हळूहळू बदलते आणि मग तिचे दाणे होत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो एका दिवसात गाळावा लागतो. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. फड जवळ असेल तर ती झकास. पण वीस-पंचवीस किलोमीटरवरून बैलांनी रोज किती खेपा करायच्या? तिथे डिझेलचा मालट्रक कामाला येतो.

ठिणगीवाचून आग

सायकलच्या चाकात जोरजोरात हवा भरा आणि मग पंपाचे खालचे टोक चाचपून बघा. गरम लागते की नाही? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सगळे मर्म यातच आहे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा येते. पिस्टन वर सरकतो आणि ती हवा मूळ जागेच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यात कोंबली जाते. तेव्हा ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो आणि आपोआप पेटतो. त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. तो जोर गिअरबॉक्समधून, गाडीखालच्या लांब दांड्यातून मागच्या चाकांना मिळतो. दाब मोठा असल्याने हे इंजिन जाड बांध्याचे आणि जड असते. पण ते कमी फेऱ्यांतही नेटाने ओढते आणि इंधन कमी खाते.

हे इंजिन शोधणाऱ्या रुडॉल्फ डिझेल यांचे आईवडील जर्मन. त्यांचा जन्म मात्र १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. १८९७ साली त्यांचे इंजिन नीट चालले, पण ते माणसाहून उंच होते. १९२७ पासून जर्मनीच्या बॉश कंपनीचे डिझेल पंप बाजारात येऊ लागले, आणि हे इंजिन मालट्रकात सोयीने बसू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये लिआँ शहराच्या बेर्लिए कंपनीने मध्यम वजनाचे डिझेल मालट्रक बनवले.

आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो मालट्रक तयार होत. ही कंपनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज-बेंझ ही सहा सिलिंडरची गाडी रस्त्यावर आली. तिच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. १९६९ साली करार संपला आणि चांदणीच्या जागी ‘टी’ अक्षर आले. पुढे पुण्याजवळ पिंपरीलाही त्यांचा कारखाना झाला. १९८६ साली आलेला छोटा टाटा ४०७ तिथलाच.

गाडीवरचा आकडा वाचा

जुन्या टाटा मालट्रकवर १२१० असा आकडा दिसे. पहिले १२ म्हणजे गाडी आणि माल मिळून सुमारे १२ टन. पुढचे १० म्हणजे सुमारे १०० अश्वशक्ती. आता हिशेब करा. गाडीचेच वजन साडेचार टन धरले, तर मालाला उरले किती? साडेसात टन.

कोणी म्हणेल, इंजिन ओढतेय ना, मग भरा की दहा-बारा टन! इथेच लोक चुकतात. ओढण्याची ताकद वेगळी आणि थांबण्याची वेगळी. लहान गिअर टाकला की इंजिन जादा ओझेही ओढून नेते. पण थांबवायचे काम ब्रेकचे. ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमवर घासतात, तापतात आणि गाडी थांबते. ठरल्यापेक्षा ओझे वाढले की ते जास्त तापतात आणि पकड ढिली पडते. कमान पाटे दबतात, टायर फुटण्याची भीती वाढते. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे जादा वजन भरणे गुन्हा आहे.

वेगाचेही तसेच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच आपली शाळेची लांब ओसरी मागे पडते!

आपण काय करावे?

मित्रांनो, चालत्या गाडीमागे पळून ऊस उपसायची खोड काहींना असते. मोळ्या हौद्याबाहेर आलेल्या असतात, त्यामुळे मागे कोण लटकले आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. एक कांडे ओढताना सगळी मोळी अंगावर येते, नाहीतर हात निसटून पोर चाकाखाली जाते. आणि एवढी जड गाडी जागच्या जागी थांबत नाही, हे आता आपल्याला कळले आहे. ऊस खावासा वाटला तर फडावर जाऊन मागा. शेतकरी दादा एका कांड्याला नाही म्हणत नाही.

आणि पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. तुमची गाडी किंवा ट्रॉली उसाला जात असेल तर मागे लाल रिफ्लेक्टर जरूर लावा. रात्री बंद पडलेली गाडी अंधारात दिसत नाही. मागून सायकलवर येणारा आपल्यापैकीच कोणाचा तरी बाप किंवा भाऊ असतो.