फाटक बंद का असते?

सुरत शहराच्या नकाशाकडे पाहिले असता लोहमार्गाच्या दोन रेषा ठळकपणे डोळ्यांत भरतात. एक उत्तर-दक्षिण जाणारी, मुंबई-अहमदाबाद मार्गाची. आणि दुसरी उधन्याहून पूर्वेकडे वळून तापीच्या खोऱ्यातून खानदेशात जाणारी. पहिल्या मार्गाचा आरंभ १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण या टप्प्याने झाला आणि १८६४ साली तो मुंबईस जाऊन मिळाला. दुसरा मार्ग तापी व्हॅली रेल्वे कंपनीने १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत नेला. पुढे तो जळगावास जोडला गेला. नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर या बाजूची कितीतरी मराठी कुटुंबे याच मार्गाने सुरतेस आली, यंत्रमागांवर व कापडाच्या कारखान्यांत कामास लागली आणि उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत स्थायिक झाली. ज्या रुळांनी आपल्याला येथे आणले, त्यांच्याच शेजारी आपण राहतो.

हे रूळ प्रथम टाकले गेले तेव्हा त्यांच्या दोहों बाजूंस शेते होती. पुढे शहर वाढले. माग आले, रंगाईचे कारखाने आले, गोदामे आली. घर रुळांच्या एका बाजूस आणि काम, बाजार किंवा शाळा दुसऱ्या बाजूस, अशी अनेकांची स्थिती झाली. अशा वेळी रस्त्याने लोहमार्ग ओलांडण्याचे तीनच रीतसर उपाय असतात. वरून जाणारा पूल, जसा दिंडोलीचा. खालून जाणारे गरनाळे, जसे लिंबायतचे. आणि रस्ता व रूळ एकाच पातळीवर येतात तेथे फाटक. शहरात पूल व गरनाळी झाली असली, तरी सुट्टीत गावी जाताना गाडीच्या खिडकीतून अशी अनेक फाटके आपणांस दिसतात. भारतात पहारेकरी असलेली फाटके आजही सतरा हजारांच्या आसपास आहेत.

फाटकापाशी थांबलेल्या माणसांच्या तोंडी नेहमी एकच तक्रार ऐकू येते : “गाडीचा अजून पत्ता नाही, मग फाटक आताच का लावले?” या तक्रारीचे उत्तर आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते न समजल्यामुळेच माणसे फाटकाखालून वाकून जातात आणि प्राणास मुकतात.

पहिली गोष्ट अशी की, आगगाडी मनात येईल तेव्हा थांबत नाही. मोटारीचे रबरी चाक कोरड्या रस्त्यास घट्ट धरून राहते. उलट गाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावरून चालते. दोहोंमधील घर्षण थोडे असते. म्हणूनच एक इंजिन हजारो टनांचा भार ओढू शकते. पण ज्या गुणामुळे ओढणे सोपे होते, त्याच गुणामुळे थांबविणे अवघड होते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने येणारी गाडी, चालकाने सर्व ब्रेक लावले तरी, थांबेपर्यंत सुमारे एक किलोमीटर पुढे जाऊ शकते. अठ्ठावन्न वाघिणींची कोळशाने भरलेली मालगाडी सहाशे मीटरांहून लांब असते आणि तिचे वजन चार-पाच हजार टनांच्या घरात जाते. चालकास रुळावर माणूस दिसतो तेव्हा शिटी वाजविण्यापलीकडे त्याच्या हाती बहुधा काहीच उरलेले नसते.

म्हणूनच फाटकाची सर्व व्यवस्था गाडी दिसण्याच्या पुष्कळ आधी पुरी करावी लागते. स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून फाटकवाल्यास गाडीची वर्दी देतो. फाटकवाला दोन्ही बाजूंचे अडसर लावून त्यांस कुलूप घालतो. जेथे फाटक सिग्नलशी जोडलेले असते, तेथे हे कुलूप लागल्याखेरीज सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, आणि गाडी निघून जाईपर्यंत फाटक उघडता येत नाही. आता हा सिग्नल चालकास फाटकाजवळ येऊन दिसला तर काय उपयोग? गाडी थांबविण्यास लागणारे अंतर शिल्लक असतानाच त्यास पुढची सूचना मिळाली पाहिजे. त्यात ताशी चाळीसच्या वेगाने येणाऱ्या मालगाडीस एक किलोमीटर कापण्यास दीड मिनिट लागते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणजे आपण पाच-दहा मिनिटे खोळंबतो ते फाटकवाल्याच्या लहरीमुळे नव्हे, तर गणितामुळे.

जेथे ही जोडणी नसते, तेथे सारी भिस्त दोन माणसांच्या बोलण्यावर असते. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूरजवळ शाळेच्या गाडीस आगगाडीची धडक बसून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ते फाटक सिग्नलशी जोडलेले नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांची. मोठी वस्तू दुरून येताना आहे त्यापेक्षा सावकाश येते आहे असे भासते. आम्ही मूळचे कोकणी बोलणारे, समुद्रकाठचे. क्षितिजावरचे जहाज जागचे हलतच नाही असे तेथे वाटत असते, आणि थोड्या वेळाने पाहावे तर ते बंदराच्या तोंडाशी आलेले असते. समोरून येणाऱ्या इंजिनाचेही तसेच आहे. दूर असताना त्याचा आकार हळूहळू वाढतो आणि जवळ येताच एकदम डोळ्यांत मावेनासा होतो. लायबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात या दृष्टिभ्रमाकडे लक्ष वेधले होते. तेव्हा “गाडी लांब आहे” ही आपली साक्ष विश्वासार्ह नव्हे.

थोडा हिशेब करून पाहा. ताशी शंभरच्या वेगाची गाडी सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. रुळांच्या कडेला ‘सी/फा’ अशी अक्षरे असलेली पाटी तुम्ही पाहिली असेल. फाटकापासून सहाशे मीटरांवरची ती पाटी चालकास शिटी वाजविण्यास सांगते. तेथून फाटकापर्यंत यायला गाडीस बावीस सेकंदही लागत नाहीत. दुहेरी मार्ग चालत ओलांडण्यास धडधाकट माणसास सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी दोनशे मीटर पुढे सरकते. पाय अडखळला, चप्पल अडकली, की हिशेब संपला. शिवाय डबे रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंस पाऊण मीटरहून अधिक आलेले असतात. त्यामुळे रुळांच्या कडेने चालणाराही सुरक्षित नसतो.

आपल्या जळगाव मार्गावर आता आणखी एक धोका आहे. हा मार्ग दुहेरी झाला आणि त्यावर विजेची इंजिने धावू लागली. वाफेच्या इंजिनाचा धडधडाट दुरूनच वर्दी देई; विजेचे इंजिन पुष्कळ शांतपणे येते. एक मालगाडी निघून गेली की घाईची माणसे तिच्या शेवटच्या डब्यामागून पाऊल टाकतात. पण त्याच डब्याआडून दुसऱ्या रुळावर उलट दिशेची गाडी येत असते. ती दिसत नाही, आणि पहिलीच्या आवाजात ऐकूही येत नाही.

पहारा नसलेल्या फाटकांनी आपल्या देशात फार बळी घेतले. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरला गाडीची धडक बसून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ शाळेची तेरा मुले गेली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ सालीच पाच वर्षांत सर्व फाटके काढून टाकण्याची शिफारस केली होती. ब्रॉडगेज मार्गावरील पहारा नसलेली फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्याच समितीने आणखी एक आकडा दिला होता : रूळ वाटेल तेथे ओलांडताना देशात वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसे मरतात.

हा आकडा फाटकांचा नव्हे, पायवाटांचा आहे. वर सांगितलेल्या तीन रीतसर उपायांखेरीज लोकांनी स्वतःच केलेला हा चौथा मार्ग होय. भिंतीला पडलेले भगदाड, खडीवरून गेलेली मळलेली वाट, पलीकडे दिसणारे आपलेच घर! पावसाळ्यात गरनाळ्यात पाणी तुंबले म्हणजे ही वाट अधिकच मोह घालते. पुलाला वळसा पडतो हे आम्हांस मान्य आहे. ओझे घेतलेल्या बाईला आणि पाळीवरून थकून आलेल्या कामगाराला तो फार वाटतो, हेही खरे. म्हणून गरनाळ्यातील पाण्याचा निचरा व्हावा, पादचाऱ्यांसाठी पूल व्हावेत, अशी मागणी आपण महानगरपालिकेकडे आणि रेल्वेकडे एकजुटीने अवश्य करावी. मात्र ती पुरी होईपर्यंत रूळ हा रस्ता समजू नये.

विद्यार्थिमित्रहो, बंद फाटक उघडणे किंवा मोडणे हा रेल्वे अधिनियम १९८९ प्रमाणे तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. पण आम्ही तुम्हांस कायद्याची भीती घालू इच्छित नाही. तुम्ही गणित शिकता. तेच घरी नेऊन आई-वडिलांना आणि धाकट्या भावंडांना समजावून सांगा. धावती गाडी तुमच्यासाठी थांबू शकत नाही. थांबणे फक्त तुमच्या हाती आहे. फाटकाशी गेलेली दहा मिनिटे वाया गेली असे मानू नका. तेवढ्या वेळात कोणाचा तरी बाप, कोणाची तरी बहीण समोरून जाणाऱ्या गाडीतून सुखरूप आपल्या गावी चाललेली असते, आणि तुम्हीही सुखरूप घरी पोचणार असता.