‘नामूस’ विसरलो, नामुष्की उरली

सक्तीच्या लग्नांवरचे मूकपट म्हटले, की हल्लीचे अभ्यासक ‘मुक्या मुली, मुका पडदा’ ही कोटी केल्याशिवाय राहत नाहीत. तेवढ्यावर दोन पाने भरली, की गाडी थेट आयझेनस्टाइनवर. जणू त्या काळचे बाकीचे दिग्दर्शक पंगतीत जेवायला बसले होते!

ड्रायरचा ‘ब्राइड ऑफ ग्लोमडाल’ (१९२६) नॉर्वेतला. वडिलांनी ठरवलेला नवरा, मुलीने निवडलेला दुसराच आणि शेवटी नदीच्या लोंढ्यात जिवावरची झुंज. देखणा आहे, पुढे जाऊ.

प्रस्तुत लेखकाचा जीव अडकला आहे तो १९२५च्या ‘नामूस’मध्ये. हामो बेकनाझारियान यांनी शिरवानझादे यांच्या कादंबरीवरून केलेला हा आर्मेनियाचा पहिला कथापट. नामूस म्हणजे अब्रू. आपल्या ‘नामुष्की’च्या मुळाशी हाच फारसीतून आलेला शब्द आहे. मराठीने अब्रूचा शब्द टाकून दिला आणि ती गेल्यावरचा तेवढा ठेवला!

सुसान आणि सेयरान यांचे लग्न लहानपणीच ठरलेले. लग्नाआधी भेटायचे नाही, ही रीत ती दोघे मोडतात आणि बोभाटा होतो. वडील घाईघाईने सुसानला रुस्तमच्या गळ्यात बांधतात. आवडता मुलगा निवडला घरच्यांनीच, हिरावलाही घरच्यांनीच. पुढे दुखावलेला सेयरान तिच्याविषयी नको ती बढाई मारतो. ती रुस्तमच्या कानी पडते आणि तिचा जीव जातो.

‘संगीत शारदा’ नाटकात हसायला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ तरी आहे. इथे तसा खलनायक हाती लागत नाही. ह्राचिया नेर्सिस्यान यांचा रुस्तम संशयाने आधी स्वतःच पोखरला जातो. हा अभिनय नाटकी आहे, अशी नाके मुरडली जातात. पण जिथे सारी आळी प्रेक्षक होऊन बसली आहे, तिथे माणसे चारचौघांत वावरावे तशीच वावरणार. दिग्दर्शक स्वतः झारशाहीतला पडद्यावरचा नट होता. त्याला हे शिकवायला नको होते.

त्याच्याच ‘झारे’त (१९२६) यझिदी कुर्दांच्या गावातल्या मुलीवर बेगाची नजर पडते. ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया यांच्या ‘वुमेन ऑफ रियाझान’मध्ये (१९२७) नवरा आवडीचा मिळतो, पण तो युद्धावर जाताच सासराच सुनेवर हात टाकतो. त्याच सासऱ्याची मुलगी वासिलिसा मात्र वडिलांचा नकार झुगारून लोहाराच्या घरी बिनलग्नाची राहायला जाते. हे सगळे प्रचारपट म्हणून एका वाक्यात निकाली काढणाऱ्यांनी ती वासिलिसा पुन्हा पाहावी.

पाहायची कुठे, हा प्रश्नच आहे. सोळा एमएमच्या प्रोजेक्टरवर पूर्वी ‘सायलेंट’ आणि ‘साउंड’ असा वेगाचा खटका असे. चालवणारा तो आधी तपासायचा, मगच दिवे घालवायचा. परवा एका सभागृहात लॅपटॉपवरून ‘नामूस’ लावला, तो बोलपटाच्या वेगात. वऱ्हाड पडद्यावरून धावत सुटले, मागे कुणीतरी चिकटवलेला पियानो. सुसानची पाठवणी चालू होती आणि खुर्च्यांत खसखस पिकली होती.