खोलीत मावणारे जंक्शन

खेळण्यातली आगगाडी आणि छंदातली आगगाडी यांत फरक कोणता? खेळण्यातली गाडी नुसती फिरते. छंदातल्या गाडीला काम असते. तिला कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचायचे असते, वाटेत दुसऱ्या गाडीला वाट द्यायची असते, मालधक्क्यावर वाघिणी सोडायच्या असतात. गोल रिंगणात फिरणाऱ्या गाडीचा कंटाळा पोरांना आठवड्यात येतो. काम करणाऱ्या गाडीचा कंटाळा म्हाताऱ्यांनाही वर्षानुवर्षे येत नाही.

महाराष्ट्रात या छंदाचे नाव काढले की पहिल्यांदा आठवते ते पुण्यातले कोथरूड. भाऊसाहेब जोशी या रेल्वेवेड्या माणसाने आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या छोट्या गाड्यांचे संग्रहालय तिथे १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. त्याआधी ते हा सगळा पसारा प्रदर्शनांतून मांडत. पण रूळ जोडायचे, तारा ओढायच्या आणि चार दिवसांनी सगळे पुन्हा मोडायचे, याला किती दम लागत असेल! शेवटी गाड्यांना कायमचे घर मिळाले. दिवे मालवले की खिडक्याखिडक्यांतून उजेड येतो, सिग्नल बदलतात, गाड्या धावू लागतात. आणि मुलांना घेऊन आलेले वडीलच मुलांच्या पुढे वाकून पाहू लागतात.

यामागचे तंत्र तसे सोपे आहे. दोन रुळांतून बारा व्होल्टच्या आसपास वीज जाते आणि चाकांवाटे इंजिनातल्या मोटारीला मिळते. दाब वाढवला की वेग वाढतो. धन-ऋण उलटे केले की गाडी उलटी जाते. गंमत होते ती वळसा घालून गाडी त्याच रुळावर परत आली की. तिथे धन आणि ऋण समोरासमोर भिडतात. म्हणून तेवढा तुकडा वेगळा तोडून त्याला वेगळी वीज द्यावी लागते. आता प्रत्येक इंजिनात स्वतःचा क्रमांक ओळखणारी चिप बसवता येते. एकाच रुळावर दोन इंजिने उभी असली तरी हाक मारावी तेच इंजिन हलते.

आकाराचे गणित मात्र जगभर बहुतेक ठरलेले आहे. सर्वांत लोकप्रिय माप मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे. या मापाने आमचा परभणी जिल्हा मोजून पाहिला. परभणी ते पूर्णा अंतर तीस किलोमीटरच्या आत-बाहेर. ते छोट्या जगात साडेतीनशे मीटरच्या घरात जाते; म्हणजे परभणी माजघरात मांडली तर पूर्णा गल्लीच्या पलीकडे! म्हणून छंदिष्ट अंतर गाळतात आणि स्थानके ठेवतात. कथाकारही दुसरे काय करतो? मधली वर्षे एका वाक्यात संपवतो आणि महत्त्वाची संध्याकाळ चार पाने लिहितो.

आमच्याकडे निवडायचे असेल तर पूर्णाच निवडावी. मनमाड–हैदराबाद मार्गाला हिंगोली, अकोला, खांडव्याकडून येणारा फाटा इथे मिळतो. हे सारे मीटर गेज होते. मनमाड–काचीगुडा अजिंठा एक्सप्रेस आणि राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस ही नावे इथल्या जुन्या माणसांना नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ आहेत. १९९० च्या दशकात मनमाडकडचा मुख्य मार्ग ब्रॉड गेज झाला. अकोल्याकडचा २००८ साली. सोय झाली, गाड्या वाढल्या, मुंबईला जाताना मनमाडला उतरून गाडी बदलण्याचा त्रास गेला. तक्रार करायला जागाच नाही. पण त्या रुळांबरोबर काम करण्याची एक अख्खी रीतही गेली.

एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकन पडल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. यंत्रातून निघणारा धातूचा गोळा, त्याची पिशवी, ती अडकवलेले वेताचे कडे, आणि धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते झेलणारा माणूस. सांधेवाला, फायरमन, शंटिंगचा इशारा देणारा कंदील. कोणती वाघीण आधी सोडायची, कोणत्या लूपमध्ये कोणती गाडी थांबवायची, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातांत जास्त होते. ते हात आता थरथरू लागले आहेत. रुळांचे फोटो सापडतील. रीत फोटोत सापडत नाही.

ती जपायला छोटी रेल्वे उपयोगी पडते, कारण ती चालवावी लागते. अमेरिकेतले छंदिष्ट प्रत्येक वाघिणीचे कार्ड करतात. माल कुठला, जायचा कुठे, हे त्यावर लिहितात आणि त्याबरहुकूम गाड्या लावतात. बँकेत आयुष्य व्हाउचर जुळवण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला यात परकेपणा वाटत नाही. जागेची सबबही चालणार नाही. ॲलन राइट या इंग्लिश छंदिष्टाने एक कोडे रचले: तीन लहान रूळ, त्यांवर अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणींची जागा, आणि एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून आलेल्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात! आणि सगळे मावते दीडेक मीटरच्या फळीवर.

मीटर गेजचे वायपी इंजिन टेंडरसकट एकोणीस मीटरचे. फळीवर ते बावीस सेंटिमीटरचे होईल. स्वित्झर्लंडच्या मीटर गेज गाड्यांच्या प्रतिकृतींसाठी युरोपात बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, ते आपल्या मापालाही चपखल बसतात. इंजिन विकत मिळणार नाही. पुठ्ठा, पत्रा आणि चिकाटी लागेल.

पण त्याआधी एक काम बिनखर्चाचे आहे. तुमच्या गल्लीत एखादे निवृत्त रेल्वे आजोबा असतील. एका रविवारी नातवंडांना कागद-पेन्सिल देऊन त्यांच्यासमोर बसवा आणि यार्डाचा नकाशा काढायला सांगा: पाण्याचा नळ कुठे होता, केबिन कुठे, मालधक्क्याचा सांधा कोणत्या बाजूला. सुतार नंतर बोलावता येईल.