वास कोणाचा?

गंधकाच्या झऱ्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तेथील दगडांवर बरेचदा पांढऱ्या तंतूंचा बुळबुळीत थर आढळतो. हे बेगियाटोआ जीवाणू. जेथे वास तेथे तंतू. म्हणून वायू तंतूच तयार करतात, असे काही शास्त्रज्ञ मानत.

सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८८७ मध्ये नेमके उलट दाखवले. वायू मिळत असताना तंतूंच्या पेशींत गंधकाचे कण साठत. वायू बंद केला की कण नाहीसे होऊन गंधकाम्ल बने. म्हणजे वायू हे तंतूंचे खाद्य होते! त्याचे ऑक्सिडीकरण करून ते ऊर्जा मिळवीत. त्यासाठी त्यांना सूर्यप्रकाश लागत नव्हता.

मग वायू येतो कोठून? काही भूगर्भातून, काही तळाच्या ऑक्सिजनरहित गाळातून. तेथील वेगळे जीवाणू सल्फेटपासून तो बनवतात. तंतू त्याचे पुन्हा सल्फेट करतात. एकाचे उच्छिष्ट, दुसऱ्याचे अन्न!

विद्यार्थ्यांना विचारा : हे तंतू गाळ आणि पाणी यांच्या सीमेवरच का वाढतात? खालून वायू आणि वरून ऑक्सिजन, दोन्ही तेथेच मिळतात. आणखी एक विचारा : दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर कोणती कोणामुळे हे कसे ठरवावे? विनोग्राद्स्कींनी ते एक गोष्ट काढून घेऊन ठरवले.